प्युअर डेटामध्ये माउसने स्पेक्ट्रम काढून आवाज घडवता येतो का?

तुमचा प्रश्न असा: प्युअर डेटात (खोकी तारांनी जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर) ५१२ बिंदूंच्या ॲरेत (आकड्यांच्या रांगेत) माउसने रेघ काढली, ती एफएफटीला (आवाज वारंवारतांमध्ये फोडणारा हिशोब) गुणली, पण आवाज घुरघुरतो, आणि रेघेचा उजवा अर्धा भाग पुसला तरी बोलण्यात फारसा फरक पडत नाही. पॅच, म्हणजे खोक्यांची जोडणी, चुकलाय का?

घुरघुरीपुरता चुकलाय. दुसऱ्या बाबतीत पॅच बरोबर आहे, कागद, म्हणजे ज्यावर रेघ काढता तो ॲरे, चुकीचा आहे.

घुरघुर आधी मिटवू. १०२४ सॅम्पलचा (आवाजाच्या सुट्या मोजमापांचा) तुकडा कापला, बदलला आणि तसाच पुढच्या तुकड्याला चिकटवला, तर सांध्यावर आवाज तुटतो. ४४१०० सॅम्पल रेटला असे सांधे सेकंदाला ४३ येतात. म्हणून सुटी टिकटिक ऐकू येत नाही, खर्जातली घुरघुर ऐकू येते. सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या पॅचमध्ये) 'ब्लॉक~ १०२४ ४' ठेवा, म्हणजे तुकडे एकमेकांवर चढतील. मग 'आरएफएफटी~'च्या (एफएफटी करणारं खोकं) आधी एकदा आणि 'आरआयएफएफटी~'च्या (उलटी एफएफटी करून पुन्हा आवाज देणारं खोकं) नंतर एकदा हॅन विंडोने (तुकड्याच्या दोन्ही कडा शून्यावर उतरवणारा वक्र) गुणा. शेवटी १५३६ ने भागायला विसरू नका, नाहीतर हेडफोन काढून फेकाल (१०२४ हे उलट्या एफएफटीसाठी, त्याची दीडपट एकमेकांवर चढलेल्या विंडोंसाठी). तुमची रेघ 'टॅबरिसीव्ह~'ने आत घ्या आणि 'आरएफएफटी~'मधून निघणाऱ्या रिअल व इमॅजिनरी, दोन्ही तारांना सारखीच गुणा. मी पहिल्यांदा फक्त रिअलला गुणली होती आणि अर्धा दिवस विंडोला शिव्या घातल्या.

मॅक्समध्ये (प्युअर डेटासारखंच दुसरं सॉफ्टवेअर) काम करणार असाल तर विंडो आणि चढवाचढवी 'पीएफएफटी~' स्वतःच सांभाळतो.

आता कागद. ५१२ बिंदूंमध्ये प्रत्येक बिंदू ४३ हर्ट्‌झचा. म्हणजे ५००० हर्ट्‌झपर्यंतचं सगळं, जिथे बोलण्याचा आणि गाण्याचा जवळपास पूर्ण ऐवज असतो, ते डावीकडच्या ११६ बिंदूंत कोंबलेलं आहे. तुम्ही पुसलेला अर्धा भाग ११ हजार हर्ट्‌झच्या वरचा. तिथे शब्दांचं काही राहतच नाही, 'स'ची थोडी धार तेवढी जाते. कान सप्तकांत मोजतो आणि ॲरे हर्ट्‌झमध्ये, हे भांडण आहे.

म्हणून ज्यावर काढायचं तो ॲरे वेगळा ठेवा: १४० बिंदूंचा, प्रत्येक बिंदू एक मिडी स्वर (क्रमांकाने ओळखला जाणारा अर्धा स्वर). उभ्या अक्षावर ० ते १००, म्हणजे डेसिबल. दुसरा ५१२ चा ॲरे हाताने काढायचाच नाही, तो हिशोबाने भरायचा: १ ते ५११ मोजा, प्रत्येक आकडा ४३.०७ ने गुणा, 'एफटॉम'मधून काढा (तो वारंवारतेचा मिडी क्रमांक करतो), त्या जागेवरची उंची 'टॅबरीड४'ने वाचा, 'डीबीटूआरएमएस'मधून (डेसिबलचा साधा गुणक करणारं खोकं) काढून दुसऱ्या ॲरेत लिहा. हे 'मेट्रो ५०'ला (दर ५० मिलिसेकंदांनी ठोका देणारं खोकं) बांधा, म्हणजे रेघ ओढताओढता आवाज वळतो. डेसिबलची पायरी गाळू नका. ० ते १ च्या साध्या पट्टीवर रेघ निम्म्यावर आणली तरी आवाज जेमतेम ६ डेसिबल उतरतो, आणि आपल्याला वाटतं पॅच ऐकतच नाही.

चाचणीला गाणं लावू नका, 'नॉइज~' लावा. त्यात सगळं सारखं भरलेलं असतं, म्हणून रेघेचा आकार नागवा ऐकू येतो. एक फुगवटा काढून तो डावी-उजवीकडे सरकवा. वारा, मग शीळ घातल्यासारखं काहीतरी, मग वाफ. मला अजूनही यात वेळ कसा जातो कळत नाही.

एक फसगत मात्र तुमचीही होईल. ४४० हर्ट्‌झचा शुद्ध सूर लावून मी १० व्या बिनवरचा (बिन म्हणजे एफएफटीचा एक कप्पा) एकच बिंदू शून्यावर आणला, सूर जाईल म्हणून. बारीक झाला, गेला नाही. हॅन विंडो एका सुराला शेजाऱ्यांत वाटून टाकते. इथे तो ९ ते १२ अशा चार बिनांत बसलेला होता. तेव्हा सुईच्या टोकाएवढी भोकं पाडायच्या फंदात पडू नका. तसंच कड्यासारखी उभी रेघही टाळा, तिच्यामुळे ठोक्यांच्या मागेपुढे धातूसारखा झणका येतो. उतार द्या.

(संगीतकार झेनाकिसच्या यूपिक यंत्रावर १९७७ पासून लोक पेनाने आवाज काढत होते, पण तिथे आडवा अक्ष काळाचा होता. तुमच्या कागदावर काळ नाही, जे काढाल ते या क्षणाचं.)

आणि खर्जात बारीक काम हवं असेल तर १०२४ पुरत नाही: ४३ ते ८६ हर्ट्‌झ या अख्ख्या सप्तकाला एक बिन मिळतो. ४०९६ करा, बिन १०.७७ हर्ट्‌झचा होईल. मग त्या गुणाकारात १०.७७, भागाकारात ६१४४ आणि हिशोबाने भरायचा ॲरे २०४८ चा. पण विंडो ९३ मिलिसेकंदांची होते आणि टाळीचा फराटा होतो. लांब सुरांना मी ४०९६ वापरतो, तालवाद्य असेल तर १०२४ वर परत येतो.