गेम न खेळता गेमचं संगीत ऐकण्यात खरंच काही असतं का?

गेमचं संगीत नुसतं ऐकणाऱ्यांना त्यात खरंच संगीत सापडतं, की लहानपणच्या आठवणीच गोड लागतात, असं तुम्ही विचारलंय. आठवणी आहेतच. पण माझ्यापुरतं सांगतो: गेम बंद केल्यावरच मला ते संगीत नीट ऐकू आलं.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) घ्या. कोजी कोंडो यांनी ज्या यंत्रासाठी ते लिहिलं, त्याच्या चिपमधून एका वेळी पाचच आवाज निघत. सुरावटीला दोन, खर्जाला एक, तालासाठी खरखर, आणि एक आधी मुद्रित केलेल्या तुकड्यांसाठी. उडीचा, नाण्याचा आवाजही यातूनच काढायचा. म्हणजे नाणं उचललं की सुरावटीतला एक आवाज तेवढ्यापुरता गप्प! कॅसेटमध्ये फुंकर मारून सुट्टीभर खेळलो, हजारदा ती चाल वाजली असेल, पण अखंड अशी कधी ऐकलीच नव्हती.

पुढे पेटी शिकताना ती बसवायला घेतली. पांढरी एक धरली तर सुरुवात ग ग ग, सा ग प, आणि एकदम खालचा प. इथवर सोपं. पुढच्या ओळीत मात्र मंद्रातल्या धैवतावरून शुद्ध निषाद, लगेच कोमल निषाद, परत धैवत. दोन निषाद असे चिकटून आले की बोट अडखळतं, आणि चालीतला सगळा लाडिकपणा नेमका तिथेच आहे. उडी मारायच्या गडबडीत हे कानावर कुठून पडणार?

पेटीमुळेच आणखी एक कळलं. एकल तबल्याला लेहरा, म्हणजे फिरून फिरून वाजणारी एकच चाल, धरतात ना, तसं हे काम आहे. तबलजी कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) किती वाढवेल हे लेहरा धरणाऱ्याला ठाऊक नसतं, तसंच खेळणारा एका टप्प्यात किती वेळ अडकेल हे संगीतकाराला. चाल फिरून फिरून समेवर यायला हवी, कंटाळा येता कामा नये, आणि खेळणाऱ्याच्या पुढे पुढेही करता कामा नये. म्हणून काही गेमचं संगीत बाहेर काढलं की खरंच रिकामं वाटतं. पण चंद्रकंस रागातला चांगला लेहरा मी तबल्याशिवायही तासभर ऐकतो.

आठवणींचा संशय फिटत नसेल तर न खेळलेल्या गेमचं ऐका. 'सिव्हिलायझेशन ४' मी आजतागायत खेळलेलो नाही. त्यातलं ख्रिस्तोफर टिन यांचं 'बाबा येतू' म्हणजे स्वाहिलीत गायलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना. २०११ साली तिला ग्रॅमी मिळालं, गेमसाठी लिहिलेल्या रचनेला मिळालेलं पहिलंच. एक शब्द कळत नव्हता, तरी एकट्या आवाजामागून सगळा समूह उसळला तेव्हा माझे डोळे भरून आले.

ते आवडलं तर 'जर्नी' (२०१२) या गेमचं ऑस्टिन विंटोरी यांनी केलेलं संगीत लावा. त्यात चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखं पण खर्जातलं मोठं वाद्य, हाच मुख्य आवाज आहे. तुकड्यातुकड्याने नको, रात्री हेडफोन लावून सलग ऐका.