झेड-स्कॅनचा आकडा का फुगतो?

प्रश्न : १ मिमी जाडीच्या टेल्युराइट (टेल्युरियम ऑक्साइडच्या) काचेचा अरेषीय अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा, आम्ही झेड-स्कॅनने मोजतो : नमुना लेसरच्या फोकसमधून सरकवत पुढच्या छिद्रातून (अॅपर्चरमधून) जाणारा प्रकाश टिपतो. लेसर ८०० नॅनोमीटरचा, पल्स १०० फेम्टोसेकंदांचे, वारंवारता ८० मेगाहर्ट्झ. आलेख सुबक येतो, पण उत्तर प्रसिद्ध आकड्यांच्या कितीतरी पट. चुकतंय कुठे?

उत्तर : बहुधा तुम्ही काचेचं तापणं मोजताय. ८० मेगाहर्ट्झला दोन पल्समध्ये जेमतेम १२.५ नॅनोसेकंद मिळतात. फोकसपाशी किरणाची त्रिज्या २० मायक्रोमीटर धरली, तर तिथली उष्णता पांगायला ०.१ मिलिसेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात आठ हजारांवर पल्स येऊन पडतात. काचेत किंचित जरी शोषण असलं तरी उष्णतेचं भिंग तयार होतं, आणि त्याचाही आलेख एक दरी नि एक शिखर असलेलाच. सुबकपणावर विसंबू नका.

पल्सची ऊर्जा तीच ठेवून पल्स-पिकरने (मोजकेच पल्स पुढे सोडणारं उपकरण) वारंवारता १ किलोहर्ट्झवर आणा. दरी-शिखरातली उंची घटली, तर दोष उष्णतेचा. नुसत्या चॉपरने (किरण आळीपाळीने अडवणारी, फटी असलेली फिरती चकती) भागत नाही; फट उघडी असते तेवढ्यातही काच तापते.

मग त्याच जागी तेवढ्याच जाडीची फ्यूज्ड सिलिका (शुद्ध सिलिकाची काच) ठेवून मोजा. तिचा आकडा सुमारे २.५ गुणिले १० चा उणे २० वा घात, चौरस मीटर प्रति वॅट. अॅपर्चरमधून ४० टक्के प्रकाश जात असेल, तर सिलिकाच्या दरी-शिखरात ५ टक्के फरक दिसायला साधारण ६५ नॅनोज्यूलचा पल्स लागतो. ऑसिलेटरकडून (तुमच्या ८० मेगाहर्ट्झसारख्या लेसरकडून) सहसा एवढी ऊर्जा मिळत नाही, पल्सची ऊर्जा वाढवणारा १ किलोहर्ट्झचा अॅम्प्लिफायर हवा. दोन्ही काचांचं गुणोत्तर काढलं की त्रिज्या आणि पल्सची लांबी यांतल्या चुका (सगळ्यात मोठ्या याच!) बऱ्याच अंशी कटतात. परावर्तन मात्र वेगळं धरा : सिलिकाच्या पृष्ठभागावर ३.५ टक्के, अपवर्तनांक २ असलेल्या टेल्युराइटवर ११.

प्रश्न : ऊर्जा अगदी कमी केली तरी आमचा आलेख सपाट येत नाही.

उत्तर : नमुन्याचे पृष्ठभाग समांतर नसतील किंवा पॉलिश कच्चं असेल. सरकताना किरण अॅपर्चरच्या मध्यावरून ढळतो. त्याच रेषेवरून कमी ऊर्जेचा स्कॅन घ्या आणि जास्त ऊर्जेच्या स्कॅनला त्याने भागा. अॅपर्चर काढून घेतलेल्या स्कॅनमध्ये फोकसवर खळगा दिसला, तर ते द्विफोटॉन शोषण (एकाच वेळी दोन फोटॉन शोषले जाणं). त्या स्कॅननेही भागावं लागेल. शेवटी दरी आणि शिखर यांच्यातलं अंतर तपासा. वरच्या त्रिज्येला ते २.७ मिमीच्या आसपास हवं. फार वेगळं आलं, तर आधी किरणाचा आकार तपासा.