आजोबांच्या तसबिरीपुढे

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला. घरातलं दुसरं कोणी ख्रिस्ती नाही, पण मला कुणी अडवलंही नाही. गेल्या वर्षी आजोबा वारले. त्यांच्या स्मृतिदिनी सगळे जमतील आणि एकेक जण तसबिरीपुढे मान लववेल. मलाही लववावीशी वाटते. मला वाचायला त्यांनीच शिकवलं. चर्चमधले दोन वडीलधारे मात्र म्हणतात, ‘ही मूर्तिपूजा आहे. त्या दिवशी घरी जाऊच नकोस.’ मी काय करू?
– एक वाचक

उत्तर : घरी जा. हे आधी सांगते, कारण मी स्वतः एकदा चुकले आहे. आत्या गेली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, विश्वासात नवी. आत दुसऱ्या श्रद्धेची प्रार्थना चालू होती म्हणून मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. आतेभावानं दोनदा वळून पाहिलं. मला वाटत होतं, मी ख्रिस्ताची साक्ष देते आहे. त्याला दिसलं ते एवढंच, की त्याच्या आईला शेवटचा नमस्कार करायला मी आत आले नाही. पुढे कितीतरी वर्षं आम्ही धड बोललो नाही.

या प्रश्नापायी चर्चनं फार गमावलं आहे. मी प्रोटेस्टंट आहे, पण इथे जेझुइट या कॅथलिक संघातला मिशनरी मात्तेओ रिच्ची आठवतो. 1583 मध्ये तो चीनमध्ये राहायला गेला, भाषा शिकला, पुढे तिथल्या विद्वानांचा पोशाख घालू लागला. पूर्वजांच्या नामफलकापुढे वाकणं म्हणजे कृतज्ञता, त्यांना देव मानणं नव्हे, असं त्याचं मत झालं. इतर मिशनऱ्यांना ते पटलं नाही. वाद रोमला गेला आणि 1704 मध्ये, पुन्हा 1715 मध्ये, पोपनं बंदी घातली. 1692 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणाऱ्या कांगशी बादशहानं मग ती मोकळीक काढून घेतली. मृतांपुढे किंवा त्यांच्या प्रतिमेपुढे मान लववायला रोमनं परवानगी दिली ती थेट 1939 मध्ये. मधली दोनशेहून अधिक वर्षं चिनी कॅथलिक माणसापुढे तुमचाच पेच होता, आणि बहुतेकांना तो एकट्यानं सोसावा लागला असेल.

वडीलधाऱ्यांशी बोलाल तेव्हा बायबलमधल्या प्रेषित पौलाचे, त्याच्या दोन सहकाऱ्यांबाबतचे, दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवा. तीताची सुंता करायला त्यानं नकार दिला, कारण तारणासाठी ती हवीच असा काहींचा आग्रह होता. तीमथ्याची सुंता मात्र त्यानं स्वतः करवली. त्याची आई यहुदी होती, बाप ग्रीक, आणि त्या भागातल्या यहुद्यांमध्ये पौल आणि तीमथ्य दोघांना वावरायचं होतं. विधी एकच, निर्णय उलटे. हे मी पुन्हा पुन्हा वाचते. पौल नुसत्या कृतीकडे पाहत नव्हता. त्या कृतीतून काय कबूल केलं जातंय, हे पाहत होता.

तेव्हा मान लववताना मनात काय आहे, ते तुम्ही पाहा. आजोबा दिल्याबद्दल देवाचे आभार असतील, तर खुशाल लववा. कुणी म्हणालं, ‘आजोबांकडे काही माग’, तर हळूच सांगा की मागायचं ते मी देवाकडे मागतो. घरचे समजून घेतील. सहा वर्षं त्यांनी तेच केलं आहे. बाकीचे आपापल्या पद्धतीनं जे करतील, त्यावर तोंड वाकडं करू नका. अर्थात घरात चालतं ते सगळंच मानायचं, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी कुणी आजीला, विधवा म्हणून, मागे बसवत असेल, तर तुम्ही उठून तिच्या शेजारी जाऊन बसा.

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना तुमची काळजी आहे, म्हणूनच ते बोलले. आजोबा कसे होते, ते त्यांना सांगा. तुम्ही बायबल वाचता ते आजोबांनी गिरवून घेतलेल्या अक्षरांच्या जोरावर, हेही सांगा. आणि त्या दिवशी घरी लवकर पोचा, सगळे जमायच्या आत.