आईच्या हातात हिरव्या बांगड्या

प्रश्न : वडील जाऊन वर्ष झालं. आईला हिरव्या बांगड्या भराव्याशा वाटतात, पण भावकी नावं ठेवते. काय करू? (वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, भरू द्या! हिरवा रंग आपल्याकडे ओटीच्या खणाचा, डोहाळजेवणाच्या साडीचा, उगवण्याचा. नवरा गेला म्हणून बाईचं उगवणं सरत नाही. माझी परभणीची आत्या शेवटपर्यंत राखाडी लुगड्यात राहिली. ते मला अजून सलतं. रंगाला अर्थ माणसंच देतात. एरवी अशुभ मानलेला काळा आपण संक्रांतीला हौसेनं नेसतोच की, ऊब धरतो म्हणून. भावकीला सांगा, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला. कासाराकडे आईसोबत जा, तुम्हीही भरून घ्या.