कधी न लढलेल्या माणसालाही योद्धा आपला का वाटतो?

व्यक्तिमत्त्व चाचणीत ‘योद्धा’ असा निकाल आला, आयुष्यात कोणावर हात उगारलेला नसतानाही तो मनोमन पटला, हा भ्रम समजावा का आणि दंडावर तलवारधारी स्वार गोंदवून घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

हा भ्रम नाही. मात्र चाचणीची भाषा चुकीची आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या मांडणीत आदिबंध हा माणसाचा प्रकार नसून सर्वांच्याच मनाच्या तळाशी असलेला साचा आहे. त्यामुळे योद्धा जितका आपल्यात आहे, तितकाच तो आपल्या शेजाऱ्यातही आहे. रॉबर्ट मूर आणि डग्लस जिलेट या लेखकांनी १९९० साली या आदिबंधाचे विवेचन करताना रागापेक्षा शिस्तीला आणि स्वतःहून मोठ्या ध्येयावरील निष्ठेला महत्त्व दिले. ती निष्ठा सुटली की तीच शक्ती एकीकडे क्रौर्याकडे आणि दुसरीकडे आत्मपीडेकडे वळते, असे त्यांचे म्हणणे. अंथरुणाला खिळलेल्या आईची वर्षानुवर्षे न कंटाळता शुश्रूषा करणारी मुलगी या कसोटीवर योद्धाच ठरते.

आपल्याकडचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. कदंब राजघराण्याच्या काळातील अशा शिळा गोव्यात सापडल्या आहेत आणि त्यांतील काहींवर नौकायुद्धही कोरलेले आहे. वीरगळाच्या सर्वपरिचित रचनेत खालच्या पट्टीत लढाई असते, तिच्यावर अप्सरा वीराला स्वर्गात नेत असतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. म्हणजे शिल्पकाराने त्याला तलवारीपाशी सोडून दिलेले नाही. आज योद्ध्याशी नाते सांगणारे बहुतेक लोक, माझ्या मते, फक्त खालची पट्टी पाहतात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज गोळ्यांना सामोरे गेलेल्या सत्याग्रहींच्या हातात तर शस्त्रही नव्हते.

खरा धोका आहे तो आदिबंधाशी एकरूप होऊन जाण्यात. युंग यांनी १९३६ साली एका लेखात, जर्मनीला वोटान या वादळाच्या आणि युद्धाच्या जुन्या देवाने झपाटले आहे, असे लिहिले होते; अंगात देवाचा भार आलेल्या माणसाला शब्द ऐकू येत नाहीत, हे आपल्याकडे कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. याउलट गोव्यातील शिगमा या वसंतोत्सवातला घोडेमोडणी हा नाच पाहा. सत्तरी-डिचोलीकडे कमरेला लाकडी घोडा बांधून आणि हातात तलवार घेऊन नाचणारा गडी ढोल-ताशांच्या तालावर पुरता स्वार झालेला असतो, आणि पोर्तुगीजांविरुद्ध राणे घराण्याने केलेल्या बंडांची आठवणही त्या नाचाशी जोडली जाते. पण नाच संपला की घोडा सोडून ठेवला जातो. योद्ध्याला अंगावर घेण्याची आणि उतरवण्याची ही रीत मला कोणत्याही चाचणीपेक्षा शहाणपणाची वाटते. (चाचण्या मी स्वतःही सोडवतो, निकाल आवडला की त्या शास्त्रीय वाटू लागतात.)

राहिला गोंदवण्याचा प्रश्न. स्वार अवश्य गोंदवून घ्या, परंतु तो कोणाच्या रक्षणासाठी निघाला आहे, या प्रश्नाचे उत्तर आधी एका वाक्यात लिहून पाहा. वाक्यात केवळ ‘मी’ आला, तर सुईवाल्याकडची वेळ तूर्त पुढे ढकलावी.