रक्त कमी होत आहे, मग गोळ्या बंद करू का?

हिपॅटायटिस सी या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूजन्य आजारावर उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक माझ्यासमोर बसतात, तेव्हा यकृतापेक्षा रक्ताविषयी जास्त विचारतात. गोळ्या सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले, की काही रुग्णांच्या तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा खाली आलेला दिसतो. रुग्णाला जिना चढताना धाप लागते, चेहरा फिकट दिसू लागतो आणि ज्या औषधाने आजार बरा व्हायचा तेच औषध रक्त आटवते आहे, अशी घरच्यांची खात्री होते. कोल्हापूर परिसरात समुपदेशनाचे काम करताना ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिकत येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

रुग्ण करवीर तालुक्यातील एका गावचे, व्यवसायाने गुळव्या. पाक कधी तयार झाला आणि काहील कधी उतरवायची याचा निर्णय देणारा हा माणूस गुऱ्हाळावर फार मोलाचा असतो. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांच्या पोटात पाणी झाले, तपासण्यांत यकृताचा सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) आणि हिपॅटायटिस सी दोन्ही एकदम निघाले. दारूला कधी शिवलेले नसताना सिरॉसिस कसा झाला, हे कोडे घरच्यांना सुटत नव्हते. तरुणपणी अपघातानंतर त्यांना रक्त चढवले होते आणि त्या काळी दान केलेल्या रक्तात हा विषाणू शोधण्याची चाचणीच उपलब्ध नव्हती, कारण विषाणूची ओळख 1989 मध्ये पटली. संसर्ग तेव्हाच झाला असे खात्रीने सांगता येत नाही, पण तशी शक्यता मोठी होती.

जुलै 2018 पासून देशात विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात या आजाराच्या तपासण्या व औषधे मोफत मिळतात. सिरॉसिस नसलेल्या रुग्णाला साधारणपणे सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर ही दोन औषधे बारा आठवडे दिली जातात. या काकांचे यकृत मात्र एकदा हतबल होऊन पोटात पाणी झाले होते, त्यामुळे डॉक्टरांनी सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर यांच्या एकत्रित गोळीबरोबर रिबाविरिन हे तिसरे औषध जोडले. यकृताची अवस्था पाहून रिबाविरिनची सुरुवात दिवसाला 600 मिलिग्रॅम अशा कमी मात्रेने केली.

चौथ्या आठवड्याचा रिपोर्ट घेऊन काकू आणि त्यांचा मुलगा आले, तेव्हा काकूंनी खुर्चीत बसण्याआधीच कागद माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, बारा पॉइंट चार होतं, आता नऊ पॉइंट तीनवर आलंय. कावीळ बरी हुईल ओ, पर माणूस ऱ्हायला पायजे की."

मी आधी औषध कसे घेतले जाते ते विचारले. अशा वेळी रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतःहून काही बदल केलेला असतो, आणि रागावण्याच्या धास्तीने तो सांगितला जात नाही. इथेही तसेच होते. गेला आठवडाभर काका सगळ्याच गोळ्या एक दिवसाआड घेत होते. गावातल्या औषधाच्या दुकानातून लोहाचे टॉनिक आणले होते. घरच्या गुळाबरोबर शेंगदाणे, बिटाचा रस, आठवड्यातून दोनदा बकऱ्याचे काळीज, आणि मुलगा रोज पहाटे कोल्हापुरातल्या गंगावेशीतून आणत असलेले धारोष्ण दूध, असा सगळा खटाटोप चालला होता. प्रेमापोटी केलेल्या या गोष्टींतल्या बहुतेकांचा मूळ अडचणीशी संबंध नव्हता, आणि दोन-तीन गोष्टी तर घातक होत्या.

हिमोग्लोबिन उतरण्याचे कारण रिबाविरिन होते. हे औषध तांबड्या रक्तपेशींत शिरते आणि तिथे साठून राहते, कारण ते पुन्हा बाहेर जाण्यासाठी त्याचे जे रूपांतर व्हावे लागते, ते करणारी यंत्रणा या पेशींत नसते. साठलेल्या औषधामुळे पेशीची ऊर्जा कमी पडते, तिचे आवरण कमकुवत होते आणि एरवी सुमारे 120 दिवस जगणारी पेशी आधीच मोडते. हा परिणाम पहिल्या दोन ते चार आठवड्यांत सर्वाधिक दिसतो. त्यानंतर हाडांतली अस्थिमज्जा नव्या पेशी अधिक वेगाने तयार करू लागते आणि बहुतेकांचा आकडा खालच्या पातळीवर स्थिरावतो. चौथ्या आठवड्यातली घसरण तशीच पुढे चालू राहून शून्याकडे जाईल, असा हिशेब घरोघरी मनात मांडलेला असतो. तो बरोबर नसतो.

मी लोहाचे टॉनिक थांबवायला सांगितले. मग लोह का नको, असे मुलाने विचारले, आणि प्रश्न रास्त होता, कारण रक्त कमी म्हणजे लोह कमी हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मी त्याला हुपरीचे उदाहरण दिले. तिथल्या कारागिराने पैंजण मोडले तरी चांदी त्याच्या पेटीतच राहते, नवे पैंजण घडवायला ती पुन्हा कामी येते. तांबडी पेशी शरीरातच मोडते तेव्हा तिच्यातले लोहही असेच शरीरात राहते. जुनाट हिपॅटायटिस सीमध्ये काही रुग्णांच्या यकृतात लोह आधीच जास्त साठलेले असते आणि त्याचा यकृताला त्रासच होतो. त्यामुळे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनसारखी तपासणी होऊन लोहाची कमतरता सिद्ध झाल्याखेरीज अशा रुग्णाला टॉनिक देऊ नये.

टॉनिक तातडीने थांबवायला सांगण्यामागे आणखी एक कारण होते आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. सिरॉसिसच्या रुग्णाच्या अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होऊ शकतो आणि त्याची पहिली खूण कधी कधी फक्त डांबरासारखी काळी, चिकट शौच एवढीच असते. लोहाच्या औषधानेही शौच काळी होते. काकूंनी सहज सांगितले की टॉनिक सुरू झाल्यापासून "काळं व्हतंय, पर दुकानदार म्हणाला त्याचंच आहे." दुकानदाराचे म्हणणे खरे असू शकत होते, पण रिबाविरिनमुळे उतरलेले हिमोग्लोबिन आणि आतल्या रक्तस्रावामुळे उतरलेले हिमोग्लोबिन कागदावर सारखेच दिसते, आणि त्या दोन्हींत फरक करण्याचा घरातला एकमेव मार्ग या टॉनिकने बंद केला होता. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांकडे नेले. नाडी, रक्तदाब आणि शौचाची तपासणी झाली, रक्तस्राव नव्हता. टॉनिक बंद केल्यावर तीन-चार दिवसांत रंग पूर्ववत झाला, तेव्हाच मलाही हायसे वाटले.

डॉक्टरांनी रिबाविरिनचा डोस 600 वरून 400 मिलिग्रॅमवर आणला आणि मुख्य गोळी रोज, न चुकता घ्यायला सांगितली. हृदयविकार नसलेल्या रुग्णात हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेले की रिबाविरिन कमी करायचे आणि 8.5 च्या खाली गेले की थांबवायचे, असा ढोबळ नियम आहे. हृदयविकार असेल तर इतके थांबत नाहीत, चार आठवड्यांत आकडा 2 ने उतरला तरी डोस घटवतात. सिरॉसिसच्या रुग्णात डॉक्टर याहूनही सावध असतात. हे आकडे मी नातेवाइकांना सांगते, पण त्यांनी स्वतः निर्णय घ्यावा म्हणून सांगत नाही. डॉक्टरांकडे नेमके कधी धावायचे ते कळावे, एवढाच हेतू असतो.

इथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा समजवावी लागते. रिबाविरिन कमी केल्याने उपचार वाया जात नाही. ते अजिबात सोसले नाही, तर मुख्य गोळी बाराऐवजी चोवीस आठवडे देण्याचा पर्याय डॉक्टरांकडे असतो. विषाणूवर मुख्य मारा करणारी गोळी मात्र एक दिवसाआड घेतली, तर रक्तातील औषधाचे प्रमाण खालावते आणि विषाणूला टिकून राहायला वाव मिळतो. काकांनी नेमके उलट केले होते, त्रास देणाऱ्या औषधाबरोबर उपकारक औषधही निम्मे केले होते. चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी दुप्पट घ्यायच्या नाहीत, हेही त्यांना बजावले.

रक्ताची बाटली चढवली तर लगेच फरक पडेल, असे पाहुण्यांनी सुचवले होते. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा आकडा धोकादायक पातळीला जाणे अशा वेळी डॉक्टर रक्त देतातही. पण मूळ कारण चालू असताना नुसती बाटली चढवून उपयोग मर्यादित असतो, आणि सिरॉसिसमध्ये गरजेपेक्षा जास्त रक्त दिल्यास यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढून रक्तस्रावाचा धोका वाढतो. डोस कमी करणे हा साधा उपाय आधी करून पाहण्यात शहाणपण असते.

दोन आठवड्यांनी मुलाचा फोन आला, डोळे पिवळट दिसत आहेत, कावीळ उलटली का? तांबड्या पेशी मोडल्या की त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते, म्हणून रिबाविरिन घेणाऱ्यांच्या डोळ्यांत पिवळेपणा वाढू शकतो आणि तेवढ्याने यकृत ढासळले असे होत नाही. सिरॉसिसमध्ये ते फोनवर गृहीत धरणेही योग्य नाही, त्यामुळे त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावले. बिलिरुबिनचा वाढलेला भाग प्रामुख्याने पेशी मोडल्याने होणाऱ्या प्रकारचा होता आणि हिमोग्लोबिन 9.6 वर स्थिरावले होते. हे आकडे आधीच्याच प्रयोगशाळेतले होते. ठिकाण बदलले की अर्ध्या ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि घरात विनाकारण घबराट उडते, म्हणून मी एकाच प्रयोगशाळेचा आग्रह धरते.

आहाराच्या बाबतीत काकूंना बरेच काही सोडायला लागेल असे वाटत होते, प्रत्यक्षात फार थोडे बदलले. सिरॉसिसच्या रुग्णाला प्रथिनांची गरज असते, त्यामुळे मटण, अंडी, डाळी बंद करण्याचे कारण नव्हते. मीठ मात्र कमी करायला हवे होते, कारण पोटात पुन्हा पाणी साठू शकते. तांबड्या रश्श्याऐवजी कमी मिठाची अळणी, आणि पापड-लोणचे पूर्ण बंद, असे ठरले. काळीज लोहाने भरलेले असल्याने ते थांबवले. दूध चालेल, पण उकळूनच, कारण अशा रुग्णाला जंतुसंसर्ग लवकर होतो. गुळाविषयी गुळव्याला काय सांगणार? खायला हरकत नाही, पण त्याने हे रक्त भरून येणार नाही, इतकेच सांगितले. रिबाविरिन जेवणाबरोबर घ्यायचे आणि दुसरा डोस रात्री उशिरा घ्यायचा नाही, कारण त्याने झोप उडते.

खरी ओढाताण झाली ती कामावरून. हंगाम सुरू होता आणि काकांना गुऱ्हाळावर जाणे सोडवत नव्हते. हिमोग्लोबिन नऊच्या घरात असताना उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि उकळत्या काहिलीशेजारी अंधारी येण्याचा अर्थ त्यांना मी सांगायची गरज नव्हती. तरीही ते घरी बसायला तयार होईनात. शेवटी त्यांनी खुर्ची टाकून काहिलीपासून लांब बसायचे, पाक बघायला मुलाने उभे राहायचे आणि काकांनी तिथूनच सांगायचे, यावर तडजोड झाली. तरुण जोडप्यांशी मी कामापेक्षा वेगळ्याच गोष्टीवर जास्त वेळ बोलते. रिबाविरिनमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून औषध पती घेत असो वा पत्नी, उपचार चालू असताना आणि त्यानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावीच लागते.

हे सारे रिबाविरिन घेणाऱ्यांसाठी आहे. अनेक रुग्णांना आता त्याची गरजच पडत नाही, तरी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाविरिन मिळून वर्षभर चालणाऱ्या उपचारांच्या आठवणी पाहुण्यारावळ्यांत फिरत राहतात. तेव्हा इंटरफेरॉन अस्थिमज्जाही मंदावत असे, त्यामुळे रक्त फार उतरायचे. आज फक्त सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर घेणाऱ्याचे हिमोग्लोबिन घसरले, तर गोळ्यांना दोष देऊन स्वस्थ बसू नये. मूळव्याध, पाळीतला अतिस्राव, मूत्रपिंडाचा आजार किंवा आतला रक्तस्राव यांचा शोध घ्यायला हवा, आणि तिथे लोहाची कमतरता निघाली तर लोहाचे औषध योग्यच ठरते.

काकांचे बारा आठवडे पूर्ण झाले. रिबाविरिन थांबल्यावर दोन महिन्यांच्या आत हिमोग्लोबिन पूर्वीच्या पातळीजवळ आले, टॉनिकचा एक थेंबही न घेता. उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही, म्हणजे संसर्ग बरा झाला. सिरॉसिस मात्र तसाच असल्याने यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, आणि काकू त्या तारखा आता स्वतःच लिहून ठेवतात.