पेपर किती, सायटेशन किती: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

माहा पोरगा अमरावतीले भौतिक रसायनशास्त्रात पीएचडी करून राहिला. एच इंडेक्स ५ झाला म्हणते. हे मार्क आहेत काय? (कापूस उत्पादक, दारव्हा तालुका)

मार्क नव्हेत, दादा. पऱ्हाटीचंच उदाहरण घ्या. पाच झाडांवर निदान पाच-पाच बोंडं आहेत, पण सहा झाडांवर सहा-सहा भरत नाहीत, तर आकडा ५. झाड म्हणजे पेपर. बोंड म्हणजे सायटेशन, म्हणजे दुसऱ्यानं आपल्या पेपरात दिलेला त्याचा हवाला. सात पेपरांना ४०, २२, ११, ६, ५, ३ आणि १ अशी सायटेशन असतील तर एच ५. चाळिसाची उद्या चारशे झाली तरी ५च. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये ही मोजणी सुचवली. शिकत्या पोराला ५ चांगलाच आहे. वयाबरोबर हा आकडा चढतो, त्यामुळे गाइडच्या आकड्याशी ताडून पाहू नका. लग्नाच्या बायोडेटातही घालू नका. पोरीकडचे पगारच विचारतील.

आम्ही अमिनो आम्लांच्या द्रावणांची घनता, व्हिस्कॉसिटी (वाहताना होणारा विरोध) आणि त्यांतला अल्ट्रासॉनिक ध्वनीचा वेग मोजतो. बारा पेपर झाले, सायटेशन चार, त्यांतली तीन माझीच. ग्रामीण कॉलेज म्हणून डावलतात काय? (सहायक प्राध्यापक, चंद्रपूर जिल्हा)

थोडं डावलतात, खोटं कशाला बोलू. आडबाजूला छापलेलं मोठ्यांचंही मागे पडतं. अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्जचं ऊष्मागतिकीवरचं, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या नियमांवरचं काम १८७५ ते १८७८ दरम्यान कनेटिकटच्या एका अकादमीच्या नियतकालिकात आलं आणि फार थोड्यांनी वाचलं. १८९२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डनं जर्मन भाषांतर केलं, तेव्हा कुठे युरोपात त्याला वाचक मिळाले.

पण त्याआधी सांगा, तुमचा बाथ, म्हणजे द्रावण ठरल्या तापमानाला ठेवणारी पाण्याची टाकी, तापमान किती नेमकं धरतो? पाण्याची व्हिस्कॉसिटी २५ अंशांना ०.८९० मिलिपास्कल-सेकंद, ३० अंशांना ०.७९७. म्हणजे अंशामागे साधारण दोन टक्के. आता विरघळलेल्या पदार्थानं व्हिस्कॉसिटी किती बदलते ते सांगणाऱ्या जोन्स-डोल समीकरणातला तुमचा बी गुणांक ०.१ असेल, तर ०.०५ मोलर द्रावणात त्याचा वाटा अर्धा टक्का. पारा पाव अंश सरकला की तेवढंच! आमच्याकडे मे महिन्यात लाइट गेली की बाथमध्ये बर्फाचे खडे टाकत एकजण थर्मामीटरवर डोळा ठेवायचा, दुसरा स्टॉपवॉच धरायचा. ती रीडिंग वहीत आहेत, पेपरात नाहीत.

दुसरी खोड आपल्याकडे घरोघरी आहे. मोजायचे फक्त वेग आणि घनता, आणि त्यांच्यावरून काढायचे रकाने दहा: दबनीयता, ध्वनिक प्रतिबाधा, आंतररेणवीय मुक्त अंतर, आणखी काय काय. परदेशातल्या माणसाला ते दहा रकाने नको असतात, गणित तो स्वतः करतो. त्याला हवी असते मूळ मोजमापांची पूर्ण सारणी, रसायनाची शुद्धता आणि प्रत्येक आकड्यापुढे अनिश्चितता. एवढं द्या, मग तालुक्याचं नाव कुणी विचारत नाही. आणि स्वतःच्या तीन सायटेशनची लाज नको, काम पुढे नेताना मागचा हवाला द्यावाच लागतो.

सायटेशन जास्त म्हणजे शोध मोठा ना? (एमएस्सी, वर्धा)

नाही. प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणाऱ्या लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या पेपराला तीन लाखांवर सायटेशन आहेत, कारण ती पद्धत वापरणारा प्रत्येकजण त्याचं नाव घेतो. आपल्या विषयात ली, यांग आणि पार यांच्या १९८८ च्या पेपराचं तसंच: संगणकावर रेणूंची गणितं करणारे बरेचजण त्यातलं सूत्र वापरतात आणि तो नोंदवतात. कामाची वस्तू जास्त हाताळली जाते, एवढंच.

‘तीन दिवसांत छापू, पंधराशे पाठवा’ असा ईमेल आला आहे. पाठवू का? (एमएस्सी, गडचिरोली)

नको. तीन दिवसांत संपादकाला समीक्षकही सापडत नाही, वाचून अभिप्राय मिळणं दूरच. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, तेव्हा आता नियतकालिक पारखायचं काम तुमचं आणि गाइडचं. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला सरळ विचारा; कित्येकांना आपलं नाव तिथं आहे हेच माहीत नसतं.

माझी सायटेशन गुगल स्कॉलर ६१ दाखवतं, स्कोपस हा दुसरा डेटाबेस ३८. खरं कुठलं? (संशोधक, अचलपूर)

दोन्ही. गुगल प्रबंध, परिषदांच्या पुस्तिका असं सगळं गोळा करतं. स्कोपस निवडक नियतकालिकं वगैरेच धरतं. अर्जात आकडा लिहाल तिथं कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला, तेही लिहा.